साक्षीदार नसलेले शौर्य

२०२५ च्या जानेवारीत आलेल्या ‘स्काय फोर्स’ या हिंदी चित्रपटाने स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांची कहाणी मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत नेली, आणि त्याबद्दल निर्माते-दिग्दर्शकांचे ऋण मानायलाच हवे. तरीही हा चित्रपट मनात सलत राहतो. ज्या माणसाची आठवण जागवायची म्हणून एवढा खटाटोप केला, त्याचे नावच पडद्यावर नाही. तिथे दिसतो तो टी. कृष्ण विजय. देवय्या कोडगूचे होते. आपल्या माणसाची ओळख अशी पुसली गेल्याची नाराजी कोडवा समाजातून व्यक्त झाली आणि ती रास्त होती. पण बदललेल्या नावापेक्षाही मोठी गोष्ट हातून निसटली आहे, असे मला वाटते. देवय्या शूर होते हे सांगायला चित्रपटाला पाच मिनिटे पुरतात. एवढा शूर माणूस तेवीस वर्षे विस्मृतीत कसा राहिला, हा या कथेचा खरा गाभा आहे. विस्मृतीत गेलेल्या सैनिकावरच्या देशभक्तिपर चित्रपटाने त्या विस्मृतीची कारणे सांगितली पाहिजेत. ती टाळली तर सैनिकाची थोरवीही अर्धीच कळते.

आधी घटना नीट पाहू. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटच्या तळावर हल्ला करून जमिनीवर उभी असलेली आपली विमाने जाळली. दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला, पहाटेच्या अंधारात आदमपूरहून पहिल्या स्क्वाड्रनची मिस्टेर विमाने सरगोध्याकडे निघाली. सरगोधा म्हणजे पाकिस्तानी हवाई दलाचा बालेकिल्ला. तिथपर्यंत जाऊन परत येण्याइतकेच इंधन मिस्टेरच्या टाक्यांत मावे. वाटेत झुंज घेतली तर परतीला इंधन उरणार नाही, हे प्रत्येक वैमानिकाला ठाऊक होते. देवय्या या मोहिमेत राखीव होते. उड्डाणाचे शिक्षक म्हणून त्यांचा अनुभव मोठा होता, पण त्यांची पाळी येणार होती ती कोणी मागे राहिले तरच. ते गेले आणि परतीच्या वाटेवर त्यांना फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या स्टारफायटरने गाठले. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले हे विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे, क्षेपणास्त्रे बाळगणारे. फ्रेंच मिस्टेर सरळ उड्डाणात आवाजाचा वेगही ओलांडू शकत नसे. शस्त्र म्हणून त्याच्याकडे तीस मिलिमीटरच्या दोन तोफा. पळून सुटणे शक्यच नव्हते. विमानाला गोळ्या लागल्यावरही देवय्या वळले, भिडले आणि त्यांनी स्टारफायटर पाडले. अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरून वाचले. देवय्या वाचले नाहीत.

हे सगळे घडले ते शत्रूच्या मुलखात. बाकीची विमाने आपापल्या वाटेने, जमिनीलगत, इंधनाच्या काट्यावर नजर ठेवून परत येत होती. देवय्यांची झुंज कोणाही भारतीयाने पाहिली नाही. आदमपूरच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे ‘बेपत्ता’ एवढेच लिहिले गेले. त्यात कोणाचा दुष्टावा होता असे मानण्याचे कारण नाही. शौर्यपदकाची शिफारस करायची तर कोणी काय केले, ते कोणी पाहिले, हे लिहावे लागते. इथे पाहणारा कोणीच नव्हता. याच्या शेजारी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांची झुंज ठेवून पाहा. १४ डिसेंबर १९७१ रोजी ते श्रीनगरच्या आकाशात सेबरांशी एकटे लढले ते आपल्याच धावपट्टीवर, आपल्याच माणसांच्या डोळ्यांदेखत. ते परमवीरचक्राचे मानकरी ठरले. हवाई दलातले ते आजवरचे एकमेव. त्यांच्या पराक्रमाला तिळभरही कमी लेखण्याचा हेतू नाही. सांगायचे आहे ते इतकेच, की दोघेही आपापल्या क्षणी सारख्याच निर्धाराने वळले. एकाच्या मागे जमिनीवर साक्षीदार उभे होते, दुसऱ्याच्या मागे परका मुलूख होता. सन्मानाची व्यवस्था साक्षीवर चालते, आणि ती तशीच चालायला हवी, नाहीतर पदकांना अर्थ राहणार नाही. पण मग साक्ष नसलेल्यांचा शोध घेण्याची जबाबदारीही त्याच व्यवस्थेवर येते.

देवय्यांची साक्ष शेवटी आली ती पलीकडून. जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे १९६५ च्या हवाई युद्धावरचे पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने लिहिलेल्या त्या पुस्तकात, स्टारफायटर एका मिस्टेरने पाडले, अशी कबुली होती. मोहिमेचे नेतृत्व करणारे, पुढे ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झालेले ओमप्रकाश तनेजा यांनी हवाई दलाच्या मुख्यालयाकडे हा विषय लावून धरला. परत कोण आले आणि कोण आले नाही, याचा मेळ घातला की ते मिस्टेर कोणाचे होते याचे उत्तर एकच निघत होते. १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झाले. या साऱ्यातली एक बाब मला फार अस्वस्थ करते. १९७१ च्या युद्धात अमृतसरजवळ अमजद हुसेन यांचे विमान पडले आणि ते भारताच्या कैदेत आले. म्हणजे त्या झुंजीचा एकमेव जिवंत साक्षीदार, १९७९ च्या कितीतरी आधी, आपल्याच ताब्यात होता.

चित्रपटाने हा धागा उचलला आहे, हे त्याचे श्रेय. शरद केळकर यांनी रंगवलेला पाकिस्तानी वैमानिक कैदेत आहे आणि अक्षयकुमारचा नायक त्याची चौकशी करतो, अशा प्रसंगाने कथा सुरू होते. पुढे हा नायक हरवलेल्या साथीदाराचा माग काढत राहतो. पण शोध एका कर्तबगार माणसाच्या ध्यासावर आला की व्यवस्थेचा प्रश्न त्या माणसाच्या पराक्रमात विरघळून जातो. तनेजांसारखा अधिकारी होता म्हणून देवय्या सापडले. ज्यांच्यामागे असा कोणी नव्हता, त्यांचे काय, हे विचारायला प्रेक्षकाला उसंतच मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे माहितीपट नव्हे. नाट्यासाठी नावे, प्रसंग बदलावेच लागतात. बदलावे लागतात, मान्य. पण नाव बदलणे ही कलेची गरज असते, हे मला पटत नाही. ‘बॉर्डर’मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरी त्याच नावाने आले, ‘शेरशाह’मध्ये कॅप्टन विक्रम बत्रा त्याच नावाने आले, आणि दोन्ही चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. उलट नाव ठेवून घटना बदलल्या तर काय होते, हेही ‘बॉर्डर’नेच दाखवले आहे. त्यात सुनील शेट्टीने साकारलेला भैरोसिंग रणांगणावर धारातीर्थी पडतो. खरे भैरोसिंग राठोड लोंगेवालाच्या लढाईतून जिवंत परतले, त्यांना सेनापदक मिळाले आणि २०२२ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. १९९७ पासून पंचवीस वर्षे देशातले कोट्यवधी लोक त्यांना हुतात्मा समजत होते, आणि ते आपल्या गावी राहत होते. बलिदानाचे दृश्य अधिक हलवून सोडते म्हणून जिवंत सैनिकाला मारून टाकणे, यात त्याचा सन्मान नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सैन्याच्या चुका पडद्यावर आणल्या तर मनोधैर्य खचते, शत्रूला बळ मिळते, असे तळमळीने म्हणणारी माणसे आहेत. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. मात्र देवय्यांच्या बाबतीत चूक दुरुस्त केली ती हवाई दलानेच. शत्रूच्या बाजूने आलेला पुरावा तपासणे, तो खरा ठरल्यावर तेवीस वर्षांपूर्वीची नोंद बदलणे, हा कमीपणा नाही. आणि ज्या तरुण वैमानिकाला उद्या सीमेपलीकडे पाठवायचे आहे, त्याच्या मनाला बळ कशाने येईल? तो एकटा पडला तरी मागची माणसे कागदपत्रे पुन्हा पुन्हा चाळून त्याचा शोध घेतील, या खात्रीने. गोपनीयतेचा मुद्दाही आता तितका टिकत नाही. १९६५ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास १९९२ मध्ये तयार झाला, तरी तो बराच काळ सामान्य वाचकासाठी बंद होता. २०२१ मध्ये मात्र संरक्षण मंत्रालयानेच युद्धविषयक नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले.

हा प्रश्न मराठी वाचकापासून दूरचा नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटच्या तळावर गेले आणि परतले नाहीत. त्याच सुमारास पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या यादीत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव छापून आले. युद्धकैदी परत आले त्यांत तांबे नव्हते. सरकारी यादीतल्या ५४ बेपत्ता जवानांपैकी ते एक. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे, यांनी दशकानुदशके कार्यालयांचे उंबरठे झिजवले. २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानच्या तुरुंगांतही जाऊन आले. त्याच वर्षी ‘१९७१’ हा चित्रपट आला, परत न आलेल्या कैद्यांवरचा. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्यातली पात्रे काल्पनिक आहेत. तांब्यांच्या कथेला आकाशातली लढाई थोडी आणि पत्रव्यवहार फार. निर्मात्यांना ते नीरस वाटत असेल. मला उलट वाटते: वृत्तपत्राचे एक कात्रण, दोन्ही देशांची परस्परविरोधी उत्तरे आणि हार न मानणारी एक खेळाडू, एवढ्यावर आपल्याकडचा सर्वात ताकदीचा युद्धपट उभा राहील. फक्त तो करताना त्या वैमानिकाचे नाव विजय वसंत तांबे हेच ठेवावे.