हिशोब मागणारी पुतणी

काकांना आज वकिलामार्फत नोटीस गेली. आजोबांनी नातवंडांच्या शिक्षणासाठी केलेल्या ट्रस्टचे ते विश्वस्त. मुदतठेवी मोडल्या, गाळ्याचं भाडं कुठे जमा होतं ते कळत नाही. विचारलं की एकच उत्तर : “घरच्या माणसावर विश्वास नाही का?”

आत्या म्हणाली, धर्मादाय आयुक्तांकडे जा. पण ते सार्वजनिक न्यासांसाठी. खासगी कौटुंबिक ट्रस्टला १८८२चा भारतीय न्यास कायदा लागू, आणि दाद दिवाणी न्यायालयात. कलम १९नुसार विश्वस्ताने हिशोब चोख ठेवायचा, लाभार्थ्याने मागितला की द्यायचा. कलम २३ प्रमाणे न्यासभंगाचं नुकसान त्यानेच भरायचं. मात्र लाभार्थ्याने समजून-उमजून संमती दिली असेल तर नाही. म्हणूनच काकांनी पुढे केलेल्या ‘सर्व मान्य’च्या कागदावर मी सही केली नाही.

आपल्याकडे धाकट्याने थोरल्याला हिशोब विचारणं हा उद्धटपणा. पण आजोबांनी पैसा काकांना दिला नव्हता, सांभाळायला सोपवला होता. त्यांच्या वडीलकीला माझा नमस्कार आहेच. विश्वस्तपणाला मात्र पावत्याच लागतील.