दोन राजवाडे, दोन एलिस

मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. मुक्ताईच्या समाधीमुळे गावाला तिचे नाव मिळाले. याच तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेव आहे. ज्ञानदेवांना मायना काय लिहावा, थोरल्याचा की धाकट्याचा, हे ठरेना म्हणून चांगदेवांनी कोरेच पत्र धाडले, अशी कथा सांगतात. उत्तरादाखल ६५ ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ आली. न लिहिलेले वाचण्याची एवढी जुनी गोष्ट ज्या खानदेशात आहे, तिथे गुप्तलिपीचे कौतुक जरा जास्तच असायला हवे.

अशा लिप्या उलगडणारे एक राजवाडे खानदेशातच होऊन गेले. पण ‘राजवाडे’ म्हटले की टीव्हीच्या प्रेक्षकाला आठवतात ते सतीश राजवाडे. ‘असंभव’ मालिका त्यांनी दिग्दर्शित केली आणि तिच्यात पोलीस अधिकाऱ्याचे कामही केले. पुढे २०१० साली त्यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला. त्याची नायिका मुक्ता बर्वे.

धुळ्यात मात्र राजवाडे म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत नकलून ठेवल्या होत्या. एका अक्षराच्या जागी दुसरीच खूण. ज्याला किल्ली ठाऊक नाही, त्याच्या हाती पोथी असली तरी ती मुकीच. ‘लीळाचरित्रा’सारखे मराठी गद्याचे आद्य धन पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके पारखे राहिले, ते यामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ही कुलुपे उघडली. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आजही आहे.

इथे जुळते ते फक्त आडनाव. ब्रिटनमध्ये अख्खे नाव जुळले. बेलफास्टचे जेम्स एलिस १९६२पासून ‘झेड कार्स’ या मालिकेत बर्ट लिंच नावाचा पोलीस रंगवत होते (योगायोग असा, की तेही पोलीसच). हा लिंच १९७८पर्यंत ब्रिटिश घराघरांत येत राहिला. त्याच काळात दुसरे जेम्स एलिस सरकारी गुप्तसंदेश खात्यात काम करत होते. आधी किल्ली पोचवल्याशिवाय दोन अनोळखी माणसांना गुप्त निरोप देता येईल, हे त्यांनी १९७० साली दाखवून दिले. त्यासाठी लागणारे गणित त्यांचे सहकारी क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३मध्ये मांडले. पण सगळेच सरकारी गुपित! १९७६-७७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच स्वतंत्रपणे शोधले, जाहीर केले आणि नाव कमावले. एलिस नोव्हेंबर १९९७मध्ये गेले. त्यांचे काम जगाला कळले ते डिसेंबरात.

नटाचे नाव पाटीवर लागते, श्रेयनामावलीत झळकते. त्याचा धंदाच नावावर चालतो. गुप्तलिपीच्या माणसाला मात्र नाव दडवूनच काम करावे लागते. दुसऱ्या एलिस यांच्या बाबतीत झाला तो अन्यायच, कारण त्यांची कल्पना कोणत्याही मालिकेपेक्षा खोलवर घरात शिरली आहे. मुक्ताईनगरचा केळीचा व्यापारी मोबाइलवर बँकेचे खाते उघडतो, तेव्हा त्याच्या व्यवहाराला राखण असते ती याच जातीच्या किल्ल्यांची.