इगतपुरीची शांतता आणि घरचा उंबरठा

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लागतात. त्यांच्या जोरावर थळ घाट चढून गाडी इगतपुरीत येते. पावसाळ्यात इथले डोंगर धुक्यात बुडालेले असतात. गावालगत ब्रह्मी धाटणीचा सोनेरी पॅगोडा दिसतो. तेच धम्मगिरी, विपश्यनेचे केंद्र. सत्यनारायण गोएंका गुरुजी १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ साली हे केंद्र सुरू झाले.

आपल्या वस्त्यांमधूनही उपासक-उपासिका इथल्या दहा दिवसांच्या शिबिराला जातात. फी नाही; राहणे-जेवणे आधीच्या साधकांच्या दानातून होते. तरी रोजंदारीवाल्याचे दहा दिवसांचे रोज बुडतात. घरी राहिलेल्या माणसावर दुप्पट भार पडतो. मग प्रश्न विचारायलाच हवा : तिथून परतलेला माणूस घरात, कामावर नीट वागू लागतो का?

शिबिरात पहाटे चारला घंटा होते. रात्री साडेनऊला दिवे मालवतात. पंचशील पाळायचे, कोणाशी बोलायचे नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना पाहायच्या, पण त्यांच्या मागे धावायचे नाही. याचा उपयोग उघड आहे. राग येताना श्वास जलद होतो, अंग तापते. हे वेळीच ओळखता आले, तर तोंडातून शिवी जाण्याआधी, पोरावर हात उगारण्याआधी क्षणभर थांबता येते. तो एक क्षण घरातला तंटा वाचवू शकतो.

परंतु वाचकहो, तिथे नळावर भांडण नसते, मुकादम नसतो, उधारीवाला दारात येत नाही. शांत राहणे त्या मानाने सोपे. दहाव्या दिवशी मौन सुटते, मैत्री भावना शिकवतात, आणि दुसऱ्या दिवशी साधक घरची वाट धरतात. खरी परीक्षा तिथून पुढे.

नुसत्या ध्यानाने माणूस चांगला होतोच, असे आपले ग्रंथही सांगत नाहीत. देवदत्ताला ध्यानाने ऋद्धी मिळाली होती, असे विनयपिटक सांगते. ऋद्धीची गोष्ट आपण मानो वा न मानो. त्याच देवदत्ताने संघात फूट पाडली आणि तथागतांच्या जिवावर उठला, हेही तिथेच आहे. त्याच पिटकातली दुसरी हकीकत घ्या. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तो आपल्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा समजा, असे त्यांनी भिक्खूंना बजावले. विहारात राहणाऱ्यांनाही हे शिकवावे लागले!

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हेच सूत्र धरले आहे. धम्म म्हणजे माणसाने माणसाशी नीट वागणे. एकट्याच माणसाला त्याची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की त्याच्यावाचून भागत नाही. म्हणून ध्यानाचा हिशेब दोन माणसांमध्येच मांडावा लागतो.

तेव्हा इगतपुरीला जरूर जावे. जाताना घरात दहा दिवसांची सोय लावून जावे. नवरा जाऊन आला असेल, तर पुढच्या वेळी चूल आणि पोरे त्याने सांभाळावीत आणि बायकोला धाडावे. परतल्यावर ‘मला काय अनुभव आला’ हे चारचौघांत सांगण्यापेक्षा महिनाभर थांबावे. मग घरातल्या माणसांना विचारावे : आवाज कमी झाला का? दारू सुटली का? पगार पुरता घरी येतो का? म्हाताऱ्या आईचे अंथरूण कोण घालते?

या प्रश्नांची उत्तरे साधकाने देऊ नयेत. ती बायकोने द्यावीत, मुलांनी द्यावीत.