सूड घेणारा माणूस

दिवाळी सरली, धान घरी येऊ लागले, की आमच्या सडक अर्जुनीच्या मुलखात मंडईचे आणि नाटकांचे दिवस सुरू होतात. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते. नायक खलनायकाचा सूड घेतो तेव्हा मंडपात शिट्ट्या पडतात. त्यांत माझीही एक असे.

त्याला कारण होते. बांधीच्या धुऱ्यावरून मोठ्या बाबांनी माझ्या बाबांना चारचौघांत शिव्या घातल्या. बाबा मुकाट्याने घरी आले. त्या रात्री मी मनातल्या मनात कितीदा कुऱ्हाड उचलली, ते माझे मलाच ठाऊक! बाबा मला भित्रे वाटू लागले.

त्याच सुमारास वर्गात एलिझाबेथकालीन सूडनाट्ये शिकवली गेली. थॉमस किडच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी'तील हिरोनिमो स्वतः न्यायाधिकारी. त्याच्या मुलाचा खून होतो. पण इतरांना न्याय देणाऱ्याला दरबारात न्याय मिळत नाही. शेवटी तो नाटकाच्या मिषाने खुन्याला मारतो. तेथेच थांबत नाही. खुन्याच्या निरपराध बापालाही भोसकतो. न्याय मागायला निघालेला माणूस असा स्वतःच अपराधी होतो!

हॅम्लेट तर पडद्याआडच्या पोलोनियसला राजा समजून ठार करतो. मग पोलोनियसचा मुलगा लेआर्टीस बापाचा सूड घ्यायला त्याच्यावरच चालून येतो. आगरकरांनी या नाटकाचे भाषांतर डोंगरीच्या तुरुंगात केले. ते 1883 साली प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, गाजवला. आगरकरांनी नाव दिले 'विकारविलसित'. नावात सूड नाही, मनाचा विकार आहे. तो विकार माझ्या ओळखीचा होता.

एका संध्याकाळी धीर करून बाबांना विचारले, "तुम्ही तेव्हा गप्प का बसलात?"

बाबा बैलांना तणस टाकत होते. वर न पाहताच म्हणाले, "तुझ्या मोठ्या बाबाले काही झालं असतं, तं त्याचा पोरगा चुप बसला असता का?"

मी निरुत्तर झालो. लेआर्टीस आमच्याच घराशेजारी राहतो, हे माझ्या ध्यानीच आले नव्हते.

धुऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही. पण यंदाच्या मंडईत मोठ्या बाबांचा मुलगा आणि मी एकाच सतरंजीवर बसून नाटक पाहिले. सुडाच्या प्रवेशाला त्याने शिट्टी वाजवली. माझी मात्र वाजली नाही.