एक एकर माझ्याकडे द्या

सोलापूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. पावसाळ्यात किल्ल्यातले नर-मादी धबधबे बघायला गर्दी उसळते. मी मात्र एसटीतून उतरले नाही. पुढचं अणदूरही खिडकीतूनच पाहिलं. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी इथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनमधून खेड्यांतल्या कमी शिकलेल्या बायकांना औषधोपचाराचं शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं, त्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. मला लोहारा तालुक्यात सास्तूरच्या बाजूला पोचायचं होतं. भाद्रपद सरत आला होता, सोयाबीन पिवळं पडलं होतं, तूर अजून हिरवीगार होती.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी इथली घरं. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं भूकंपात अंगावर कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुनर्वसित गावांत आज सरळ रस्ते आहेत, एकाच मापाची घरं आहेत. बोळ नाहीत. अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यांना मात्र जुन्या गावात कुणाचं दार कुणासमोर होतं ते अजून सांगता येतं.

मी ज्यांना भेटायला गेले होते त्यांचं गाव पडलं नव्हतं, तडकलं होतं. अशा शेकडो गावांत जागतिक बँकेच्या मदतीने घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचं सरकारी काम निघालं. लोक आणि सरकार यांच्यामधला दुवा म्हणून गावोगावी बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. त्यांना जोडून घेण्याचं, शिकवण्याचं काम प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे होतं. माझ्यासमोर बसलेल्या आजी त्यातल्याच एक.

"तवा चावडीपुढनं जायचं तर चप्पल हातात घ्यायची आमी," त्या म्हणाल्या. "आन् मला सांगितलं, मिस्तरीला विचार, सिमिट किती घातलंस!"

"मग विचारलंत?"

"पयल्या दिशी न्हाय विचारलं. नुसती हुबी राह्यले. त्यो हसला. दुसऱ्या दिशी सात-आठ जणी मिळून गेलो. मग कसा हसंल?"

आजी उठल्या आणि मला भिंतीपाशी घेऊन गेल्या. दाराच्या वरच्या अंगाला काँक्रीटचा पट्टा घराभोवती चौफेर फिरला होता. त्यावर तळहात फिरवत त्या म्हणाल्या, "ह्यो पट्टा नसला की भित्ती कोपऱ्यात सुटत्यात." मग कोपऱ्यावर बोटाने टिचकी मारून दाखवली. त्यांची शाळा तिसरीत सुटलेली. पण घर कशाने पडतं आणि कशाने तगतं, हे त्यांनी शेजारणींना पटवून सांगितलं आणि करवून घेतलं. अंगणात बसलेल्या लेकाने हे सगळं नक्कीच पुष्कळदा ऐकलं असणार, तरी तो हातातलं काम थांबवून ऐकत होता.

मी हे सगळं विचारत फिरत होते, त्याला माझं स्वतःचं कारण होतं. पुण्यात एका कंपनीच्या हिशेब विभागात माझं निम्मं आयुष्य गेलं. सोलापुरात माहेरच्या वाड्यात मुलींसाठी गणिताचे वर्ग काढायचे, हे मनात कित्येक वर्षं आहे. आठवी-नववीत गणिताने घाबरून शाळेतून मागे सरलेल्या मुली मी आमच्याच गल्लीत पाहिल्या आहेत. पण पगार, घराचा हप्ता, 'या वयात कशाला' म्हणणारी माणसं. सोडायचं धाडस कुठून आणतात, हे मला ज्यांनी ते खरंच आणलं होतं त्यांनाच विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तुळजापूरला आले. नवरात्र तोंडावर आलेलं, गावभर मांडव घालायची घाई. याच तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे. लहानपणी लग्न, अपघातात नवरा गेला, पदरात दोन लहान मुलं. बचत गटाच्या बैठकीला जाण्यापासून त्यांची सुरुवात झाली. पुढे त्यांनी हजारो शेतकरी बायकांचं नेतृत्व केलं, परदेशातल्या व्यासपीठांवर दुष्काळाबद्दल बोलल्या. त्यांच्या आयुष्यावर चित्रकथाही निघाली. त्या आणि त्यांच्या सहकारणींनी बायकांना घरात जे मागायला शिकवलं, ते ऐकायला अगदी साधं आहे: एक एकर माझ्याकडे द्या. तेवढा जमत नसेल तर अर्धा.

या मागणीमागे दुष्काळ होता. 2012 नंतर या पट्ट्यात पाऊस वर्षामागून वर्ष हुलकावणी देत गेला. 2016 मध्ये तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. रानात नगदी पीक, घरात खायला विकतचं, आणि पीक गेलं की दोन्ही गेलं. पेरणी-खुरपणी-काढणीत बाई राबते, पण काय पेरायचं हे पुरुष ठरवतो. तो एक एकर हातात आला की तिथं ती डाळी, ज्वारी, माळवं असं मिसळून लावते. गांडूळखत घरचं, बियाणं शक्यतो घरचं. आधी घरचं ताट भरतं, उरेल ते बाजारात.

धाराशिवहून तेरला गेले. हे प्राचीन तगर. रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं हे गाव, गोरोबाकाकांचं गाव. समाधीचं दर्शन घेतलं, विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहिलं आणि पुढे हिंगळजवाडीला निघाले. बायकांनी चालवलेल्या उद्योगांमुळे हिंगळजवाडीचं नाव झालं आहे. इथल्या कमल कुंभार बांगड्या विकत होत्या, मग कुक्कुटपालनात शिरल्या, मग गावोगाव सौरदिवे पोचवू लागल्या, आणि आपल्यासारख्या हजारो जणींना व्यवसाय शिकवला. 2021 सालचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना 8 मार्च 2022 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. बांगड्यांपासून सौरदिव्यांपर्यंतची ही वाट त्यांनी एका झेपेत कापली नाही. आधीच्या धंद्यावर पाय रोवून मगच पुढचा उचलला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मला इथं जिच्याकडे पाठवलं होतं ती बाई मात्र कुठल्या यादीत नाही. माझ्याहून थोडी लहान असेल. ती मला थेट रानात घेऊन गेली. गावापासून लांब, माळाच्या अंगाला.

"एवढं लांब?"

"चांगलं रान कोन देतंय ताई? मागितलं तर सासऱ्यांनी ह्यो खडकाळ तुकडा दिला. मालक म्हनले, चार दिसाचं खूळ हाय, करू द्या."

त्या तुकड्यात आता तुरीच्या दोन ओळींमध्ये मूग काढून झाला होता, कडेला अंबाडी, पलीकडे वांगी, मिरची, शेपू. झाडाखाली गांडूळखताचा वाफा, वर ओलं पोतं. तिने पोतं उचललं, मूठभर खत काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वास घ्या. घान येती का?" येत नव्हती. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा येतो तसा वास होता.

मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. "भीती नाही वाटली? फसलं असतं तर?"

"एक एकरच फसला असता की," ती म्हणाली. "बाकीच्या रानात सोयाबीन व्हतंच."

मी वाचलेल्या, ऐकलेल्या सगळ्या भाषणांत धाडस म्हणजे सगळं सोडून उडी मारणं. पावसावर जगणाऱ्या या बायकांना असली उडी परवडत नाही, आणि ती घ्यावी असं त्यांना वाटतही नाही. बुडालं तरी चूल पेटेल एवढाच तुकडा त्या मागतात. मागण्याचं धाडस मात्र पुरेपूर करतात, सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर, आणि नाही म्हटलं तर पुन्हा. सगळ्यांनाच मिळतं असंही नाही. शेजारच्या रानात खुरपणारी बाई आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "आमच्यात अजून न्हाई दिलं." आणि ज्यांना मिळालं, त्यांच्यातल्याही अनेकींच्या सातबाऱ्यावर नाव पुरुषाचंच. त्यामुळे शेती तिची असली तरी पीककर्जाच्या कागदावर ती शेतकरी ठरत नाही. हे बदललं पाहिजे, आणि ते एकेकीच्या हिमतीवर सोडून चालणार नाही.

बांधावर बसून मी तिला माझ्या वर्गांचं सांगितलं. तिने नीट ऐकलं, मग विचारलं, "नोकरी सोडूनच करायचं असं कुनी सांगितलंय? शनवार-रविवार जावा की सोलापूरला. चार पोरी आल्या तरी कळंल."

परतीच्या एसटीत रेंज आल्यावर मी दादाला फोन लावला.

"वाड्यातली एक खोली मला पाहिजे," म्हटलं. "शनिवार-रविवारसाठी."

"माजघरामागची घे, रिकामीच आहे."

"ती नको, अंधारी आहे. रस्त्याकडची हवी."

"तिथं माझं सामान आहे."

"मग सामान कधी हलवतोस, ते सांग."