घरच्या शाळेची फी

मराठीचा प्राध्यापक आणि अर्थशास्त्र यांची गाठ एरवी महिन्याच्या पंचवीस तारखेनंतरच पडायची! पण गेले वर्षभर मी पुण्यात, आमच्या शेजारच्या दोन मुलांना चक्क अर्थशास्त्र शिकवतो आहे. थोरली सोळा वर्षांची, धाकटा चौदा पुरा केलेला. दोघेही शाळेत जात नाहीत. 'का हो, नापास झाली का?' असे कृपा करून विचारू नका. त्यांच्या आईने तो प्रश्न पुष्कळ ऐकला आहे. मुले घरीच शिकतात आणि १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा देणार आहेत. चौदा वर्षे पूर्ण झाली, की तिथे नाव घालता येते.

"पण अर्थशास्त्रासाठी मी कशाला?" असे मी विचारले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुस्तक इंग्रजी आहे. पण मुलांच्या डोक्यात ते मराठीतूनच शिरतं."

मी तयार झालो. लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' लिहिले ते १८४९ साली. तेव्हा मराठीला काही हा विषय परका नाही. मागणी आणि पुरवठा शिकायला आम्ही दसऱ्याला मंडईत गेलो. सकाळी ऐटीत असलेला झेंडू संध्याकाळी कसा गयावया करू लागतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. उद्या त्या फुलांना कोण विचारणार?

मग 'संधीखर्च' आला. एक गोष्ट निवडली, की जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत, म्हणजे संधीखर्च. मी मुलांना सांगितले, "तुमच्या शिक्षणाला वर्षाला काय खर्च येतो, तो काढा."

थोरलीने पुस्तके, परीक्षेची फी, चित्रकलेचा वर्ग अशी बेरीज केली आणि विजयी मुद्रेने म्हणाली, "काका, शाळेपेक्षा आम्ही कितीतरी स्वस्त!"

धाकटा पेन्सिल चावत होता. तो म्हणाला, "आणि आईची नोकरी?"

वहिनी बँकेत होत्या. थोरली तिसरीत असताना त्यांनी नोकरी सोडली. धाकट्याने सुटला तेव्हाचा पगार घेतला, बाराने गुणला, मग वर्षांनी गुणला. शून्ये वाढत गेली, तशी थोरलीच्या चेहऱ्यावरची विजयी मुद्रा मावळली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते आम्हाला कळलेच नाही. वहीकडे पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "हिशेब बरोबर आहे. फक्त बढत्या धरल्या नाहीत."

कुणी काही बोलले नाही. मीच पुढचा धडा काढला. राष्ट्रीय उत्पन्नात पगारी काम धरतात, घरातले धरत नाहीत. एखाद्याने आपल्या घरकामवालीशी लग्न केले, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, अशी गंमत पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवून दिली होती. आपल्या सरकारच्या २०२४ सालच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात असे दिसले, पुरुषांची ८८.

"म्हणजे आई देशाच्या हिशेबात नाहीच?" थोरलीने विचारले.

मला त्या क्षणी अर्थशास्त्र नव्हे, माझी मराठीच आठवली. 'तुमच्या मिसेस काय करतात?' 'काही नाही, घरीच असतात.' या उत्तरातला तो 'च' किती निर्दय आहे! मुलांना घरी शिकवणे बरे की वाईट, यावर मी वाद घालणार नाही. पण जे फुकट वाटते त्याची किंमत कुणीतरी मोजत असते, एवढे त्या घराला कळले.

वहिनी आता आठवड्यातून दोन दिवस एका पतपेढीचे हिशेब पाहायला जातात. त्या दिवशी भात धाकटा लावतो. आमचा धडा चालू असतो आणि कुकरच्या शिट्ट्या तो मोजत असतो.