५०१ ज्युलिया

अल्फा रोमिओच्या ज्युलिया टीआय सुपर १९६३ आणि १९६४ या दोन वर्षांत मिळून फक्त ५०१ बनल्या. जुन्या गाड्यांची पारख करणं हा माझा व्यवसाय आहे, आणि एवढी डोळ्यांत तेल घालून तपासावी लागणारी दुसरी सेडान मला माहीत नाही.

मुळात ज्युलिया ही चार दारांची घरगुती गाडी. जून १९६२ मध्ये ती मोंझाच्या ट्रॅकवर पहिल्यांदा लोकांपुढे आली. दिसायला पार चौकोनी, मागची डिकी तर सुरीने छाटल्यासारखी. पण ओरात्सिओ सात्ता पुलिगा यांच्या चमूने हा आकार वाऱ्याचा अभ्यास करून ठरवला होता. हवेच्या विरोधाचा तिचा गुणांक ०.३४ होता. त्या काळात गोलाईदार, बुटक्या स्पोर्ट्स गाड्यांनाही तो सहजी साधत नसे. बॉनेटखाली १५७० सीसीचं, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, आणि पाच गिअर. त्याच दशकात आपल्या कुर्ल्यात बनणारी फियाट अकराशे पुशरॉडच्या इंजिनावर आणि चार गिअरवर चालत होती. दोन्ही गाड्या इटालियन घराण्याच्या, दोन्ही कुटुंबासाठी. पण अल्फाच्या रक्तात शर्यत होती. १९५० सालच्या आपल्या १९०० या मॉडेलची जाहिरातसुद्धा कंपनीने ‘शर्यती जिंकणारी कौटुंबिक गाडी’ अशीच केली होती.

या कौटुंबिक गाडीतलं शर्यतीला नको असलेलं सगळं काढून टाकलं, आणि टीआय सुपर झाली. साध्या ज्युलिया टीआयची ९२ अश्वशक्ती दोन जुळ्या वेबर कार्ब्युरेटरनी ११२ वर नेली. वजन ९१० किलोवर आणलं. चाकं मॅग्नेशियमची, मागच्या काचांऐवजी प्लेक्सिग्लास, स्टिअरिंगजवळचा गिअर खाली फ्लोअरवर. समोरच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून तिथे जाळ्या बसवल्या. मला या गाडीचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे या दोन जाळ्या. तिथून इंजिनाला हवाही मिळते आणि वजनही वाचतं. शोभेचा त्यात लवलेश नाही.

मडगार्डांवर हिरवं चौपानी चिन्ह असतं. उगो सिवोच्ची यांनी १९२३ ची टार्गा फ्लोरिओ शर्यत हे चिन्ह गाडीवर रंगवून जिंकली. त्याच वर्षी मोंझाला सराव करताना ते अपघातात गेले, आणि त्या गाडीवर ते चिन्ह नव्हतं. तेव्हापासून अल्फावाल्यांनी ते जिवापाड जपलं.

टीआय सुपरची स्वतःची कारकीर्द छोटी. १९६५ मध्ये जीटीए ही कूपे आली आणि शर्यतीची धुरा तिच्याकडे गेली. १९६६ मध्ये आंद्रेआ दे आदामिच यांनी तिच्यावर युरोपियन टूरिंग कार स्पर्धा जिंकली. पण सेडान हलकी करून मैदानात उतरवण्याची वाट टीआय सुपरनेच घालून दिली होती. १९९३ मध्ये १५५ व्ही६ टीआय घेऊन निकोला लारिनी यांनी जर्मनांना त्यांच्याच डीटीएम या टूरिंग कार स्पर्धेत हरवलं, तेव्हाही अल्फा चार दारांच्याच गाडीवर होती.

आता संग्राहकांकडे वळू. या ५०१ पैकी बहुतेक गाड्या पांढऱ्या. जाळ्या, चाकं, कार्ब्युरेटर, चिन्हं हे सगळं आज विकत मिळतं. त्यामुळे साध्या टीआयला पांढरा रंग मारून सुपर बनवणं अवघड राहिलेलं नाही. म्हणून बॉनेट उघडलं की मी इंजिनाकडे बघतच नाही. आधी बघतो इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला चॅसी नंबर. सुपरचा टाइप १०५.१६ असला म्हणजे झालं असं नाही. नंबराभोवतीच्या पत्र्याच्या कडेने बोट फिरवायचं, मागच्या बाजूने आरसा धरायचा. पत्रा कापून दुसऱ्या गाडीचा नंबर जोडला असेल तर वेल्डिंगची रेघ रंगाखालून कुठेतरी डोकं वर काढतेच. मग तो नंबर अल्फाच्या आर्काइव्हमधल्या उत्पादनाच्या नोंदींशी ताडून बघायचा.

दुसरी गोष्ट मी ग्राहकांना पुन्हा पुन्हा सांगतो: फार सुंदर सुपर दिसली तर सावध व्हा. या गाड्या शर्यतीसाठी घेतल्या गेल्या, आपटल्या, दुरुस्त झाल्या, पुन्हा धावल्या. फ्लोअरला रोलकेजसाठी पाडलेली भोकं, ठोकून सरळ केलेला मडगार्ड, कुठल्याशा मेकॅनिकने घाईत लावलेली पट्टी, हा सगळा तिचा कागदपत्रांइतकाच अस्सल पुरावा. ‘कारखान्यातून निघाली तशी’ करण्याच्या हौसेपायी तो खरवडून टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माझा हिशेब सरळ आहे. दोन खऱ्या सुपर समोर असतील, एक नव्या रंगाची आणि एक ठोकरा खाल्लेली, तर जास्त पैसे दुसरीला द्यावेत. आणि घेतल्यावर तिला गॅरेजमध्ये झाकून ठेवू नये, घाटात न्यावी. साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे ते दोन वेबर काय करतात, हे तिथेच कळतं.